ओशुनच्या घरात लपलेला पत्रकार

१९३७ चा नोव्हेंबर. १० तारखेला ब्राझीलचा अध्यक्ष गेतुलियो वार्गास याने संसदेला कुलूप लावलं, नवी राज्यघटना लादली आणि या सगळ्याला 'एस्तादो नोव्हो', म्हणजे 'नवं राज्य', असं गोंडस नाव दिलं. नऊ दिवसांनी बाईया प्रांताची राजधानी साल्वादोर इथे पुस्तकांची जाहीर होळी झाली. त्या आगीत जॉर्ज अमादो या २५ वर्षांच्या लेखकाच्या कादंबऱ्यांच्या सोळाशेहून अधिक प्रती होत्या. पुस्तकं कम्युनिस्ट प्रचार करतात, असा आरोप होता.

अमादोचा एक जुना दोस्त त्याच शहरात पत्रकार होता. वयाने त्याच्यापेक्षा बरोबर दोन दिवसांनी लहान. नाव एदिसोन कार्नेइरो. पोलीस त्यालाही शोधत होते. अशा वेळी माणूस नातेवाइकाच्या गावी जातो, बंदरावरून एखादी बोट पकडतो, नाहीतर एखाद्या वजनदार मित्राच्या घरी दडी मारतो. एदिसोन शहराबाहेरच्या साओ गोन्सालो टेकडीवर गेला. तिथे 'इले अशे ओपो अफोंजा' नावाचं कांदोंब्लेचं देवस्थान होतं. तिथली प्रमुख, आनीन्या नावाची ६८ वर्षांची वृद्धा, हिने त्याला ठेवून घेतलं. ओशुन ही गोड्या पाण्याची देवी. तिच्यासाठी राखलेल्या घरात त्याची सोय झाली आणि त्याला हवं-नको पाहायला आनीन्यांनी आपली एक विश्वासू शिष्या नेमली.

आता यातली गंमत बघा. कांदोंब्ले हा त्या काळात पोलिसांच्या डोळ्यांत खुपणारा धर्म होता. त्याच्या घरांवर छापे पडत. ढोल, मूर्ती, दागिने जप्त होत. म्हणजे पोलिसांपासून लपण्यासाठी एक माणूस अशा जागी गेला होता, जिथे पोलीस स्वतःच वरचेवर येत. आणि तरी ती त्याच्यासाठी शहरातली सगळ्यात सुरक्षित जागा होती. असं का, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

*

साल्वादोर हे पोर्तुगीज ब्राझीलची पहिली राजधानी. आपला या शहराशी अगदीच संबंध नाही असं नाही. गोवा आणि साल्वादोर एकाच राजाच्या अमलाखाली होते आणि गोव्याहून लिस्बनला परतणारी जहाजं इथल्या बंदरात थांबत. आपला काजू मुळात ब्राझीलचा. त्याचं नावसुद्धा तिथल्या मूळ रहिवाशांच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजांमार्फत आपल्याकडे आलं. पण बाईयाच्या बंदरात उतरलेला मोठा माल काजू-मिरी हा नव्हता, माणसं होती. साडेतीन शतकांत आफ्रिकेतून ४० लाखांहून जास्त माणसं गुलाम म्हणून ब्राझीलमध्ये आणली गेली. अमेरिका खंडातल्या दुसऱ्या कुठल्याही देशात इतकी आणली गेली नाहीत. आणि गुलामगिरी रद्द करायलाही ब्राझीलनेच सगळ्यात जास्त वेळ लावला. तारीख १३ मे १८८८.

या माणसांबरोबर त्यांचे देवही आले. योरुबा लोकांचे ओरिशा, दाहोमीकडच्या लोकांचे व्होदुन, अंगोला-काँगोचे इंकिसे. मालक लोक चर्चमध्ये बाप्तिस्मा देत होते, त्यामुळे शांगो, ओशुन, यांसा या देवतांनी ख्रिस्ती संतांच्या चित्रांआड जागा धरली. यातून जो धर्म उभा राहिला तो कांदोंब्ले. त्याच्या देवस्थानाला तेरेइरो म्हणतात. देऊळ, राहतं घर आणि अंगण असं तिन्ही. रात्री ढोल वाजतात, ओरिशा भक्ताच्या अंगात येतो, नाचतो. अंगात येणं, वारं येणं हे आपल्याला सांगावं लागत नाही. तेरेइरोची प्रमुख बहुतेकदा बाई असते, तिला माय-दे-सांतो म्हणतात. पोर्तुगीजमधल्या 'आई'ला थोडा नाकातून उच्चार असतो, पण आपल्या कानाला तो चक्क 'माय' असाच ऐकू येतो.

गुलामगिरी संपल्यावर ब्राझीलच्या शहाण्यासुरत्या लोकांना हा धर्म म्हणजे देशाची लाज वाटू लागली. १९२० च्या दशकात साल्वादोरला पेद्रो गोर्दिल्यो नावाचा पोलीस अधिकारी होता. लोक त्याला 'पेद्रितो' म्हणत. त्याने तेरेइरोंवर इतके छापे घातले की तो लोकगीतांमध्ये जाऊन बसला. आणि वर्तमानपत्रं? ती पोलिसांच्या पुढे होती. अमुक वस्तीत रात्रभर ढोल वाजतात, तमुक ठिकाणी जादूटोणा चालतो, पोलीस झोपलेत काय, अशा बातम्या छापून ती छाप्यांची मागणी करत.

एदिसोन कार्नेइरो हा याच वर्तमानपत्रांच्या धंद्यातला माणूस.

*

त्याचा जन्म साल्वादोरमध्येच, १२ ऑगस्ट १९१२ चा. घर मिश्रवंशीय, सुशिक्षित. वडील इंजिनिअरिंग कॉलेजात प्राध्यापक, पण त्यांना आफ्रिकी पुराणकथांचा नाद. त्यांनी त्यावर एक पुस्तकही लिहिलं. भाऊ नेल्सन पुढे राजकारणात मोठा झाला. ब्राझीलमध्ये १९७७ साली घटस्फोटाचा कायदा आला तो प्रामुख्याने त्याच्या चिकाटीमुळे. एदिसोन कायद्याचा पदवीधर, पण वकिलीत त्याचं मन नव्हतं. पंधरा-सोळाव्या वर्षीच तो 'बंडखोरांची अकादमी' नावाच्या एका टोळक्यात सामील झाला होता. त्या टोळक्यात जॉर्ज अमादोही होता. कॅफेत बसायचं, प्रस्थापित लेखकांची टर उडवायची, स्वतः काहीबाही लिहायचं. अमादो, एदिसोन आणि त्यांचा मित्र दियास दा कोस्ता या तिघांनी मिळून 'लेनिता' नावाची एक लघुकादंबरी लिहिली, ती १९३० साली पुस्तकरूपाने आली. अमादोने पुढे ती आपल्या समग्र साहित्यात घेऊ दिली नाही, यावरून काय ते समजा.

पण या पोरांचं एक वैशिष्ट्य होतं. ती शहरात फिरत. बंदरावरचे हमाल, कापोएरा खेळणारे, बाजारात पदार्थ विकणाऱ्या बाया, तेरेइरो. अमादोने यातून कादंबऱ्या केल्या. एदिसोनने वही काढली.

१९३६ पासून तो 'एस्तादो दा बाईया' या दैनिकात नोकरीला होता आणि तिथे त्याने कांदोंब्लेवर लेखमाला सुरू केली. छाप्याची बातमी देणारं वर्तमानपत्र आता त्याच घरातल्या सणाची, गाण्यांची, पदांच्या उतरंडीची माहिती देऊ लागलं. देवस्थानाच्या प्रमुखांची नावं आरोपी म्हणून नव्हे तर जाणकार म्हणून छापली जाऊ लागली. त्याच वर्षी त्याचं पहिलं पुस्तक 'रेलिजियोंइस नेग्रास' ('काळे धर्म') आलं, पुढच्या वर्षी 'नेग्रोस बांतूस' ('बांतू काळे'). वय वर्षं २४. दोन्ही पुस्तकं ज्या मालेत निघाली तिचा संपादक आर्तुर रामोस हा डॉक्टर-मानववंशशास्त्रज्ञ. तो रिओत बसलेला मोठा माणूस, एदिसोनचा गुरू. साल्वादोरहून एदिसोन त्याला सतत पत्रं लिहायचा. कधी माहिती, कधी प्रकाशकाकडे रदबदली करा अशी विनंती. ही पत्रं नंतर छापली गेली आहेत. ती वाचताना एका हुशार, पैशाची चणचण असलेल्या, घाईत असलेल्या तरुणाचा आवाज ऐकू येतो.

*

एदिसोनच्या आधीही कांदोंब्लेचा अभ्यास झाला होता. तो कसा, हे सांगायला हवं. १८९० च्या दशकात नीना रोद्रिगेस या डॉक्टरने साल्वादोरच्या तेरेइरोंची बारकाईने नोंद केली. पण त्याचं ठाम मत होतं की काळा माणूस वंशानेच कमी प्रतीचा आहे आणि अंगात येणं हा मेंदूचा विकार आहे. तेरेइरो त्याच्या लेखी रुग्णालयाची शाखा होती. रामोसने वंशाची भाषा टाकली, संस्कृतीची भाषा आणली. पण माणूस तोही डॉक्टरच. तेरेइरोत जायचं ते तपासायला.

एदिसोन वेगळा ठरला तो जानेवारी १९३७ मध्ये.

तीन वर्षांपूर्वी, १९३४ साली, रेसिफे शहरात जिल्बेर्तो फ्रेइरे या प्रख्यात समाजशास्त्रज्ञाने पहिली आफ्रो-ब्राझिलियन परिषद भरवली होती. दुसरी साल्वादोरला भरवायचं एदिसोन आणि त्याच्या मित्रांनी ठरवलं. फ्रेइरेला ते रुचलं नाही. घाईघाईत जमवलेल्या गोष्टीत जे दोष असतात ते हिच्यात असतील, अशी शंका त्याने परिषद भरण्याआधीच वर्तमानपत्रातून बोलून दाखवली. फ्रेइरे तेव्हा देशातला सगळ्यात नावाजलेला विद्वान होता, आणि इकडे पंचविशीही न गाठलेला बातमीदार.

परिषद ११ ते २० जानेवारी अशी दहा दिवस चालली. अमेरिकेहून मेल्व्हिल हर्स्कोव्हिट्सने निबंध पाठवला. डोनाल्ड पिअर्सन हा अमेरिकन समाजशास्त्रज्ञ तिथेच काम करत होता, तोही सामील झाला. पण परिषदेचा मानद अध्यक्ष कोण होता? मार्तिनियानो दो बोंफिम. मुक्त झालेल्या आफ्रिकी आईबापांचा मुलगा. तरुणपणी बापाने त्याला लागोसला पाठवलं होतं, तिथे तो दहाएक वर्षं राहिला, योरुबा आणि इंग्रजी शिकला, भविष्य सांगणारा बाबालाओ होऊन परतला. पुढे साल्वादोरच्या काळ्या मुलांना त्याने इंग्रजी शिकवलं. नीना रोद्रिगेसच्या पुस्तकांमधली कितीतरी माहिती या माणसाने पुरवलेली. चाळीस वर्षं तो दुसऱ्यांच्या पुस्तकांत 'माहिती देणारा' म्हणून होता. १९३७ मध्ये, जवळपास ऐंशीच्या घरात, तो विद्वानांच्या परिषदेच्या अध्यक्षस्थानी बसला आणि शांगो देवाच्या बारा मंत्र्यांवर त्याने स्वतःचा निबंध दिला. आनीन्यांनी आफ्रिकी पदार्थांवर टिपण दिलं. कापोएराचा खेळ झाला, त्याचं नेतृत्व सामुएल 'केरीदो दे देउस' ('देवाचा लाडका') या नामांकित कोळ्याने केलं. आणि प्रतिनिधी संध्याकाळी तेरेइरोंमध्ये पाहुणे म्हणून गेले. जिथे पोलिसांच्या गाड्या जायच्या तिथे प्राध्यापकांच्या गाड्या उभ्या राहिल्या.

रेसिफेच्या परिषदेतही देवस्थानांची माणसं होती, हे नोंदवायला हवं. एदिसोनने हवेतून काही निर्माण केलं नाही. पण साल्वादोरमध्ये ती पाहुणी कलाकार नव्हती. एदिसोनची परिषदेबद्दलची कल्पना अशी होती की काळ्या माणसांबद्दल बोलायचं तर त्यांच्याशिवाय बोलणं हा वेळेचा अपव्यय आहे. आज हे अगदी साधं वाटेल. पण आजही आदिवासींवरच्या, भटक्या-विमुक्तांवरच्या किती परिषदांमध्ये व्यासपीठावर कोण असतं आणि 'सांस्कृतिक कार्यक्रमा'त कोण असतं, हे आठवून पाहा.

*

परिषद संपली आणि खरं काम सुरू झालं. जुलै १९३७ मध्ये राज्यपालांकडे एक अर्ज गेला. मुद्दा सरळ होता: देशाची राज्यघटना धर्मस्वातंत्र्य देते. मग इतर धर्मांना पोलिसांकडे जावं लागत नाही आणि आम्हाला ढोल वाजवायला परवाना का लागतो? ३ ऑगस्टला 'बाईयाच्या आफ्रो-ब्राझिलियन पंथांचा संघ' स्थापन झाला. मार्तिनियानो अध्यक्ष, एदिसोन सरचिटणीस. कल्पना अशी की तेरेइरोंवर देखरेख पोलिसांनी करायची नाही, ती तेरेइरोंच्याच संघाने करायची.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं, कारण एदिसोनच्या विचारातली एक अडचण इथेच आहे. देखरेख करायची म्हणजे खरा कांदोंब्ले कुठला आणि भोंदू कुठला हे कुणीतरी ठरवायचं. ते ठरवायला एदिसोनकडे माप तयार होतं: योरुबा, म्हणजे बाईयात ज्यांना नागो म्हणत, त्यांची परंपरा 'शुद्ध'. बाकीच्या मिसळलेल्या, म्हणून खालच्या. मजा अशी की अंगोला-काँगोच्या बांतू लोकांवर स्वतंत्र पुस्तक लिहिणारा तोच. नीना रोद्रिगेसने ज्यांच्याकडे दुर्लक्ष केलं त्यांची कापोएरा, त्यांचा सांबा, त्यांचे 'काबोक्लो' कांदोंब्ले, जिथे आफ्रिकी देवांबरोबर ब्राझीलच्या मूळ रहिवाशांचे आत्मेही अंगात येतात, हे सगळं त्याने नोंदवलं. आणि नोंदवता नोंदवताच त्यांची पुराणं दरिद्री, त्यांचे विधी उसने, असंही लिहून ठेवलं. १९८० च्या दशकात बेआत्रिस गोइस दांतास या अभ्यासक बाईंनी दाखवून दिलं की 'नागो शुद्धते'चं हे प्रस्थ वाढवण्यात विद्वानांचा हात मोठा होता. ज्यांची ओळखपाळख होती ती घरं शुद्ध ठरली, त्यांना संरक्षण मिळालं. गल्लीबोळातली गरीब घरं 'जादूटोणा' याच खात्यात राहिली.

मला यात एदिसोनचा ढोंगीपणा दिसत नाही. पोलिसांशी भांडायचं तर 'हा जुना, प्रतिष्ठित, सुसंघटित धर्म आहे' असं म्हणणं सोपं जातं. पण सोय म्हणून उचललेलं माप पुढे खरंच वाटायला लागतं. आपल्याकडेही लोकदेवतांवर लिहिताना 'मूळ', 'अस्सल' हे शब्द असेच सहज हाताखाली येतात.

संघ फार टिकला नाही. ऑगस्टमध्ये स्थापना, नोव्हेंबरमध्ये हुकूमशाही. एदिसोन कम्युनिस्ट विचारांचा, त्यामुळे यादीत नाव असणं ओघानेच आलं. मग साओ गोन्सालो टेकडी आणि ओशुनचं घर.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला हरकत नाही. अभ्यासक सहसा लोकांकडे काहीतरी मागायला जातो: गाणं, गोष्ट, अर्थ. एदिसोनने त्या बदल्यात स्वतःचं नाव, स्वतःचं वर्तमानपत्र, स्वतःची कायद्याची पदवी पणाला लावली होती. आनीन्यांनी हिशेब पाहिला असेल की नुसती आईची माया केली असेल, सांगता येत नाही. पण धोका त्यांचा जास्त होता. एक फरारी कम्युनिस्ट सापडला असता तर त्यांचं पूर्ण देवस्थान उद्ध्वस्त करायला पोलिसांना निमित्त मिळालं असतं. ३ जानेवारी १९३८ ला आनीन्या वारल्या. एदिसोनला आसरा देऊन दोन महिनेही झाले नव्हते.

*

त्याच वर्षी न्यूयॉर्कहून रूथ लँडेस साल्वादोरला आली. कोलंबिया विद्यापीठातली, फ्रान्झ बोआस आणि रूथ बेनेडिक्ट यांच्या हाताखाली शिकलेली, तिशीतली मानववंशशास्त्रज्ञ. एकट्या गोऱ्या बाईने तिथल्या वस्त्यांत फिरणं शक्य नव्हतं, आणि कुणाशी बोलावं हेही तिला ठाऊक नव्हतं. तिला एदिसोन भेटला. त्याने तिला घरोघरी नेलं, आजीबाईंसमोर बसवलं, भाषा उलगडून सांगितली. लँडेसने पुढे लिहिलेल्या 'बायकांचं शहर' (१९४७) या पुस्तकात तो जवळजवळ प्रत्येक प्रकरणात आहे. पुस्तकाचं म्हणणं नावातच आलं: कांदोंब्लेचं जग बायका चालवतात. आणि अंगात येणाऱ्या पुरुषांपैकी अनेक समलिंगी आहेत, हेही तिने न लपवता लिहिलं.

पोलिसांनी १९३९ मध्ये तिला बाईया सोडायला लावलं. पण तिचं खरं नुकसान विद्वानांनी केलं. आर्तुर रामोसने तिच्या निष्कर्षांवर कडाडून टीका केली. नुसती छापील नाही, अमेरिकेतल्या लोकांपर्यंत पोचेल अशी. हर्स्कोव्हिट्सही तिच्या विरोधात गेला. तिच्या पुस्तकावर त्याने लिहिलेलं परीक्षण बोचरं आहे. लँडेसला विद्यापीठात कायमची नोकरी मिळायला १९६५ साल उजाडलं, तेही कॅनडात.

एदिसोन यात मधोमध अडकला. रामोस त्याचा गुरू, त्याची पहिली पुस्तकं काढणारा. लँडेस त्याची मैत्रीण, आणि तिने जे पाहिलं ते त्यानेच तर दाखवलं होतं. तिचं संशोधन खोटं ठरवणं म्हणजे त्याचंही खोटं ठरवणं होतं. रामोस १९४९ मध्ये पॅरिसला वारला, युनेस्कोत मोठ्या पदावर असताना. एदिसोनने त्यानंतरही बराच काळ जाऊ दिला. १९६४ मध्ये 'लादिनोस ए क्रिओलोस' या निबंधसंग्रहात त्याने हा सगळा प्रकार मांडला. निबंधाच्या नावातच 'दगाबाजी' हा शब्द आहे, आणि ती कुणाची तेही: आर्तुर रामोसची. मेलेल्या गुरूबद्दल असं लिहिणं आपल्याकडे फारसं कुणी करत नाही. तिथेही करत नसत.

*

१९३९ मध्ये एदिसोन रिओला गेला आणि कायमचा तिथला झाला. वर्तमानपत्रं, वृत्तसंस्था, अनुवाद यांवर पोट. विद्यापीठातला प्रस्थापित प्राध्यापक तो कधीच झाला नाही. पुस्तकं रात्री लिहिली जात होती.

त्यातलं एक म्हणजे पाल्मारेसचा इतिहास. पळून गेलेल्या गुलामांच्या वस्तीला कीलोंबो म्हणतात. सतराव्या शतकात आजच्या आलागोआस राज्यातल्या सेर्रा दा बारिगा डोंगरात अशा वस्त्यांचा एक समूहच उभा राहिला. डच आणि पोर्तुगीज दोघांच्या मोहिमा त्याने पचवल्या. १६७८ मध्ये त्याचा राजा गांगा झुंबाने पोर्तुगीजांशी तह केला, तो झुंबी नावाच्या सेनानीने मानला नाही. १६९४ मध्ये राजधानी पडली, २० नोव्हेंबर १६९५ रोजी झुंबी मारला गेला. वसाहतीच्या दप्तरात हे सगळं 'दरोडेखोरांचा बंदोबस्त' म्हणून नोंदलं होतं. एदिसोनने तीच कागदपत्रं घेऊन गुलामांनी उभ्या केलेल्या एका राज्याची गोष्ट सांगितली. पुस्तक पहिल्यांदा निघालं मेक्सिकोत, स्पॅनिशमध्ये, १९४६ साली. ब्राझीलमध्ये पुढच्या वर्षी.

पुस्तकं कुणाच्या हाती लागतील याचा नेम नसतो. १९७१ मध्ये दक्षिणेकडच्या पोर्तो आलेग्रे शहरात काही काळ्या तरुणांना प्रश्न पडला की आपण १३ मे का साजरा करायचा? राजकन्येने सही केली म्हणून? कवी ओलिवेइरा सिल्वेइरा आणि त्याच्या मित्रांनी वाचन सुरू केलं, त्यात एदिसोनचं पुस्तक होतं. त्यांनी २० नोव्हेंबर हा दिवस धरला. आज तो ब्राझीलमध्ये राष्ट्रीय सुट्टीचा दिवस आहे.

१९४८ मध्ये 'कांदोंब्लेस दा बाईया' आलं. हे त्याचं सगळ्यात जास्त वाचलं गेलेलं पुस्तक. कारण साधं आहे, ते बातमीदाराच्या भाषेत आहे. घर कसं असतं, कोण कुठे बसतं, कुणाचं काम काय, ढोल किती, खर्च कोण करतं. सिद्धान्त नंतर.

*

१९५० च्या दशकात ब्राझीलमध्ये लोकसाहित्याचं मोठं आंदोलन उभं राहिलं, रेनातो आल्मेइदा त्याचा पुढारी. परिषदा, जाहीरनामे, प्रांतोप्रांती समित्या. साओ पाउलोतले विद्यापीठीय समाजशास्त्रज्ञ, विशेषतः फ्लोरेस्तान फर्नांदेस, म्हणत होते की लोकसाहित्य हे स्वतंत्र शास्त्र नव्हेच. ही हौशी मंडळींची जमवाजमव आहे. एदिसोन या वादात तावातावाने उतरला. हौशी म्हणून हिणवलं जाणं त्याला १९३७ पासून परिचयाचं होतं.

पण आपल्या बाजूच्या लोकांशीही त्याचं पटत नव्हतं. बहुतेक लोकसाहित्यवाल्यांना वाटे की हे सगळं मरणपंथाला लागलेलं आहे, रेल्वे-रेडिओ येण्याआधी गोळा करून घ्या. 'दिनामिका दो फोल्क्लोर' (१९५०) मध्ये एदिसोनने उलटं म्हटलं. लोकांची कला म्हणजे भूतकाळाचा अवशेष नाही. साचा जुना असतो, त्यात ओतलेलं आजचं असतं. गरीब माणूस त्यातून आज काय वाटतं ते बोलतो, तक्रार करतो, टिंगल करतो. म्हणून ती सतत बदलते आणि बदलते म्हणून टिकते. शुद्ध नागोचा आग्रह धरणारा माणूस हे लिहितो आहे, हे लक्षात घेतलं तर त्याने मधल्या काळात किती अंतर कापलं ते दिसतं. पूर्ण कापलं असं मी म्हणणार नाही.

सांब्यावर त्याने हाच विचार लावला. अंगोलाहून आलेल्या नाचांमध्ये रिंगणातला नाचणारा दुसऱ्याच्या नाभीला नाभी भिडवतो आणि त्याला रिंगणात ओढतो. ही खूण पकडून त्याने देशभरच्या वेगवेगळ्या नावांच्या नाचांचं एक कुटुंब जुळवलं. १९६२ च्या शेवटी रिओत पहिली राष्ट्रीय सांबा परिषद भरली, तिचा जाहीरनामा 'कार्ता दो सांबा' एदिसोनने लिहिला. सांब्याची वैशिष्ट्यं जपायची, पण त्याचा उत्स्फूर्तपणा आणि पुढे जायची वाट बंद करायची नाही, असा तो तोल. परिषद संपली त्या दिवशी, २ डिसेंबरला, आज ब्राझील सांबा दिन पाळतो.

तेव्हा तो सरकारी अधिकारीही होता. १९५८ मध्ये सुरू झालेल्या 'ब्राझिलियन लोकसाहित्य संरक्षण मोहिमे'चा १९६१ पासून तो कार्यकारी संचालक. त्याच्या काळात मोहिमेचं संशोधन नियतकालिक सुरू झालं, ग्रंथालय उभं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्या हाती कचेरी, निधी आणि माणसं होती. ते तीन वर्षं टिकलं. एप्रिल १९६४ च्या सुरुवातीला लष्कराने सत्ता घेतली आणि त्याच महिन्यात एदिसोनला पदावरून काढलं. कारण जुनंच, कम्युनिस्ट. त्याच्या जागी रेनातो आल्मेइदा आला.

या वेळी लपायला जायची गरज पडली नाही. तो पुन्हा लिहायला बसला. 'लादिनोस ए क्रिओलोस' त्याच वर्षीचं. १९६७ मध्ये लँडेसच्या पुस्तकाचा पोर्तुगीज अनुवाद निघाला, वीस वर्षं उशिराने. अनुवाद एका बाईंचा, पण तो तपासून त्याला टिपा जोडल्या एदिसोनने. म्हणजे पुस्तकात वरती पंचविशीतला एदिसोन रूथला हाताला धरून तेरेइरोत नेतो आहे, आणि त्याच पानाच्या तळाशी पंचावन्न वर्षांचा एदिसोन तपशील पुरवतो आहे. ज्या बाईचं काम त्याच्या गुरूने मोडीत काढलं होतं, ते त्याने स्वतःच्या देशात, स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या नावाची हमी देऊन आणलं. तेही लष्करी राजवटीत.

डिसेंबर १९७२ मध्ये, साठाव्या वर्षी, तो रिओत वारला. शहरातल्या लोककलांच्या संग्रहालयाला काही वर्षांनी त्याचं नाव दिलं गेलं.

जानेवारी १९७६ मध्ये बाईयाच्या राज्यपालाने एक अध्यादेश काढला. त्यानुसार कांदोंब्लेच्या घरांना सण साजरा करण्यासाठी पोलिसांचा परवाना घेण्याची अट रद्द झाली. एदिसोन आणि मार्तिनियानोच्या संघाने त्यासाठी अर्ज केला होता तो जुलै १९३७ मध्ये.